सुयांच्या डबीतली गोचीड

संध्याकाळचे सहा वाजले की ताईची बोटं आपोआप चालू लागत. हातात कुणाचा कोट असो, कुणाची शाल असो, सुई कापडात अर्धी रुतलेली असो. बोटं सुई सोडत आणि हवेतच काहीतरी चाचपत. आधी कानामागे, मग मानेची खळगी, मग केसांतून वर. तिथे डोकं नसे. डोकं जाऊन तेवीस दिवस झाले होते. पण बोटांना हे कोण सांगणार?

ताई रफू करायची. कोट जळला, शाल कुरतडली, साडीला खिळा लागला की लोक तिच्याकडे यायचे. कापडाचा धागा काढून त्याच कापडात विणायचा, असा की धन्यालाही भोक कुठे होतं ते दाखवता येऊ नये. डोळे घारीचे आणि बोटं मुंगीची, असं तिचा धाकटा भाऊ म्हणायचा.

हा धाकटा घोड्यांच्या पागेत मोतद्दार होता. बारा घोड्यांना खरारा करायचा, खुरांचे नाल बघायचा, वैरण-पाणी करायचा. पाणी पाजताना शिट्टी घालायचा. एक लांब सूर, मग दोन छोटे. त्या शिट्टीशिवाय घोडी हौदात तोंड घालायची नाहीत. म्हणून पागेत त्याचं नाव पडलं शिट्टी, आणि पुढे घरातही तेच झालं. सख्खा बापसुद्धा हाक मारायचा ती 'अरे शिट्टी' अशीच.

पागेतल्या माणसाच्या घरी गोचीड ही काही बातमी नसते. इतरांच्या घरात धूळ असते तशी ती असते. शिट्टी कामावरून आला की थेट आत यायचा नाही. दाराबाहेरच्या पायरीवर बसायचा, कॉलर खाली ओढायचा आणि मान पुढे करायचा. ही रीत आईने घालून दिलेली. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई सतरा वर्षांची, आणि तेव्हापासून हे काम ताईकडे आलं. ती मागे उभी राहून बोटं फिरवायची. सापडली की दोन नखांत धरून, पिरगाळून, मुळासकट उपटायची आणि रॉकेलच्या बाटलीत टाकायची. लहानपणी तो चुळबुळ करायचा, म्हणून तिने गाणं रचलं होतं.

एक होती कानामागे, बाटलीत गेली बाई,
दुसरी होती मानेवरती, तिलाही थारा नाही,
तिसरीला मी पुसते गं, कुणाच्या घरची तू?
तांबड्या घोडीची पाहुणी, भावाच्या दारची तू.

मोठा झाला, मिशा आल्या, तरी पायरी सुटली नाही. गाणं मात्र ती मनात म्हणायची आणि तो शिट्टीवर वाजवायचा.

"ताई, आज किती?"

"चार."

"एवढ्याच? तांबडी रुसली वाटतं माझ्यावर."

"लग्न कर. बायको काढेल तुझ्या गोचिडी."

"बायको? ती पहिल्याच संध्याकाळी पळेल. गोचिडी तरी बिचाऱ्या चिकटून राहतात."

आतून बाबा ओरडायचे, "झालं का तुमचं? चहाचा बर्फ झाला!"

शेवटच्या आठवड्यात त्याची मान बोटांना गरम लागली होती. "ऊन होतं गं," तो म्हणाला. तीही 'असेल' म्हणाली. त्यांच्या घरात ताप म्हणजे माणूस अंथरुणाला खिळला तर ताप. उभा आहे, जेवतोय, शिट्टी घालतोय, त्याला ताप कोण म्हणतं?

गुरुवारी सकाळी तो वैरणीच्या माळ्यावर चढला. शिडी पक्की होती, रोजची होती. थोरला मोतद्दार, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, खालीच उभा होता. त्याने नंतर सांगितलं, "पाय नाही घसरला त्याचा. वरच्या पायरीवर थांबला, कपाळाला हात लावला आणि हात सुटला." खाली दगडी हौद होता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की मेंदू गेला आहे, श्वास यंत्राचा आहे. आणि मग ती बाई आली.

गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. अवयव देणाऱ्या आणि घेणाऱ्या घरांच्या मधे उभं राहणं हे तिचं काम. आवाज असा, जणू शेजारच्या खोलीत मूल झोपलंय. तिने बाबांना आणि ताईला एका छोट्या खोलीत बसवलं. घाई केली नाही, पाणी दिलं, आणि मग विचारलं. बाबा हो म्हणाले. बाबा निवृत्त पोस्टमन. सही करताना म्हणाले, "आयुष्यभर पत्ता बघून वाटप केलं. पोराचं तेवढं बिनपत्त्याचं जायचंय."

मग प्रश्न सुरू झाले. फॉर्मवर सत्तरएक तरी असतील. दारू? अधूनमधून. कावीळ? लहानपणी एकदा. परगावी कुठे? पागा सोडून कुठे नाही. गेल्या महिन्यात ताप? ताई म्हणाली, नाही. कुत्रा, मांजर, माकड चावलं? नाही. घोडा?

"त्याला घोडा चावेल?" ताईला त्या खोलीतही हसू फुटलं. "त्याचा शर्ट चघळायचे फक्त."

बाईही किंचित हसली आणि तिने पुढच्या प्रश्नावर बोट ठेवलं. गोचीड त्या कागदावर नव्हती, आणि ताईच्या मनातही आली नाही. धुळीबद्दल कुणी आपणहून सांगतं का?

शस्त्रक्रियेला नेण्याआधी नर्सने अर्धा तास दिला. ताईने कोमट पाणी मागितलं, कंगवा मागितला. चेहरा पुसला, हात पुसले, नखांतली वैरणीची कुसं काढली. बँडेजच्या कडेने बाहेर आलेले केस विंचरताना बोटं सवयीने कानामागे गेली.

तिथे एक होती.

तुरीच्या दाण्याएवढी. राखाडी, टम्म. इतक्या धांदलीत, इतक्या हातांखालून, इतक्या दिव्यांखाली ती तशीच राहिली होती आणि पीत होती. ताईने मागे बघितलं. नर्स दाराशी काहीतरी लिहीत होती. पांढऱ्या चादरी, पांढऱ्या भिंती, औषधाचा वास, आणि त्यात आपल्या भावाच्या अंगावर गोचीड! काय म्हणतील? कुठल्या घाणेरड्या घरातून उचलून आणलंय? असाच आत गेला आणि डॉक्टरांनी बघितली तर? तिने दोन नखांत धरली, पिरगाळली, काढली. बाटली नव्हती. रॉकेल नव्हतं. पिशवीत सुयांची डबी होती, पितळेची, फिरकीच्या झाकणाची. तिने सुया रुमालात ओतल्या, गोचीड डबीत टाकली, झाकण फिरवलं. मग त्याच्या कानामागचा लाल ठिपका ओल्या कापसाने पुसला आणि त्यावरून केस फिरवले, धन्यालाही भोक कुठे होतं ते दाखवता येऊ नये असे.

"झालं?" नर्सने विचारलं.

"झालं," ताई म्हणाली. "स्वच्छ झाला."

पडताना बाकीचं बरंच दुखावलं होतं, पण दोन्ही किडन्या चांगल्या निघाल्या. त्या दोन माणसांना बसवल्या. कोण, कुठले, बाई की बुवा, काही सांगायचं नाही असा नियम. बाबांना त्याचं वाईट वाटलं नाही. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माझ्या दोन लेकी नांदायला गेल्यात. चांगल्या घरी पडल्यात." शेजारच्या काकू चेष्टेने म्हणाल्या, "अहो, माहेरपणाला कधी आणताय मग?" तर बाबा म्हणाले, "आणत नसतात. सुखात आहेत तोवर बोलवायचं नाही." तेवीस दिवस ते या एका गोष्टीवर जेवत होते, झोपत होते.

ताईकडे असं काही नव्हतं. तिच्याकडे डबी होती.

फेकायला म्हणून ती दुसऱ्याच दिवशी मोरीपाशी गेली होती. झाकणावर बोट ठेवलं आणि थांबली. आत काय आहे, ते तिला तेव्हा कळलं. माणूस जाळून झाला होता, कपडे पागेतल्या पोरांना देऊन झाले होते, उशीचा अभ्रा काकूंनी न विचारता धुऊन टाकला होता. भावाचं म्हणून या जगात जे ओलं उरलं होतं, ते एवढंच. एक थेंब. गोचिडीच्या पोटात. ताईने डबी परत आणली आणि फडताळात, दोऱ्यांच्या रिळांमागे ठेवली. सुया नव्या आणल्या.

त्या दिवसापासून घरात कुणीतरी होतं.

भीती वाटावी असं काही नव्हतं. पाऊल वाजायचं, पायरीशी थांबायचं. कॉलर ओढल्यासारखी कापडाची सळसळ व्हायची. फडताळाजवळून जाताना आतून बारीक खरखर ऐकू यायची, नखाने पितळ खरवडावं तशी. ताई रिळं सरकवून कान लावायची. शांत. पाठ फिरवली की परत खरखर. एकदा दुपारी, भर उजेडात, मागे अगदी हळू शिट्टी वाजली. एक लांब सूर. पुढचे दोन छोटे आलेच नाहीत. ती सुई हातात धरून त्या दोन सुरांची वाट बघत बसली आणि त्या दिवशी तिने शाल चुकीच्या रंगात विणली.

चोविसाव्या दिवशी दुपारी दार वाजलं. फॉर्मवाली बाई होती. तोच आवाज, पण डोळ्यांखाली काळं.

"कोण आलंय?" बाबा आतून म्हणाले.

"इस्पितळातल्या मॅडम."

"अगं मग बाहेर काय उभं केलंस? या, या! चहा टाक गं. काय म्हणतायत आमच्या लेकी?"

बाई उंबऱ्यावरच थांबली. मग ताईला हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, जरा बाहेर बोलू या?"

दोघी पायरीपाशी उभ्या राहिल्या.

"मला फार सांगता येत नाही," बाई म्हणाली. "जेवढं विचारायला लागतं तेवढंच सांगते. ज्या दोघांना किडन्या बसवल्या, त्या दोघांनाही ताप आला. दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोघांना, एकाच आठवड्यात. म्हणजे तो त्यांचा स्वतःचा ताप नाही. कुठूनतरी आलेला आहे."

"कुठून?"

बाईने नजर खाली पायरीवर नेली. ताईला ते समजलं.

"त्यातलं एक माणूस सोमवारी गेलं."

वरच्या मजल्यावर कुणीतरी चादर झटकली. फट् असा आवाज झाला आणि ताई दचकली.

"आणि दुसरं?"

"आहे. पण उतरत चाललंय. नवी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून त्या माणसाची ताकद औषधांनी मुद्दाम कमी केलेली असते, ताई. घराचं दार उघडं ठेवल्यासारखं असतं ते. डॉक्टर एकेक औषध देऊन बघतायत, पण काय आहे तेच कळत नाहीये, तर मारणार कशाला? तुमचा भाऊ घोड्यांत होता. मी फॉर्म पुन्हा वाचला. एक गोष्ट त्यात विचारलेलीच नाही. त्याच्या अंगावर कधी गोचीड बिचीड सापडली होती का? शेवटच्या दिवसांत?"

फडताळ इथून दिसत नव्हतं, पण ताईला खरखर ऐकू आली.

"नाही," ती म्हणाली. "आमचा भाऊ स्वच्छ होता."

"स्वच्छतेचा प्रश्न नाही हो..."

"रोज आंघोळ करायचा. दोनदा. मी बघायची स्वतः. नाही म्हटलं ना."

बाईने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चिडली नाही, तेच वाईट. पिशवीतून एक कागद काढून त्यावर नंबर लिहिला. "काही आठवलं तर. कधीही. पण लवकर, ताई. परवापर्यंत सांगून उपयोग होईलच असं नाही."

ती गेली. बाबा आतून म्हणाले, "अगं, चहा न घेताच गेली? काय म्हणाली? बऱ्या आहेत ना दोघी?"

"बऱ्या आहेत," ताई म्हणाली, आणि ते शब्द तिच्या तोंडात मातीसारखे झाले.

दुपारभर तिने काम केलं. काम कसलं, धागा काढायचा, तुटायचा. पुन्हा काढायचा, पुन्हा तुटायचा. मनात एकच गोष्ट फिरत होती. हो म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? की शिट्टीने माणूस मारलं. ज्याने आयुष्यात घोड्यावर चाबूक उगारला नाही, त्याने, मेल्यावर, देताना, मारलं. आणि बाबा? ते कशावर जेवतील? आणि नाही म्हणायचं म्हणजे कुणीतरी कुठेतरी खाटेवर आहे, त्याच्या उशाशी कुणाची तरी ताई बसली आहे, आणि तिला आपण इथून, न बघता, न भेटता, पांढरं कापड पाठवतोय. ताईने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्या दुसऱ्या ताईचा चेहरा येईना. फक्त हात येत होते. कपाळावर ओली पट्टी ठेवणारे.

सहा वाजले.

पावलं आली. पायरीशी थांबली. आज ताईने सुई टोचून ठेवली आणि उठली. पायरीवर कुणी नव्हतं, म्हणजे डोळ्यांना नव्हतं. ती मागे जाऊन उभी राहिली, जिथे वीस वर्षं उभी राहिली होती, आणि हात पुढे केले. बोटांना मान लागली.

गरम होती.

उन्हाची गरमी ताईला ठाऊक होती. ऊन वरवर असतं, हात ठेवला की पुसलं जातं. हे आतून येत होतं, चुलीवरच्या भांड्यासारखं. शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी तिची बोटं हेच सांगत होती आणि ती 'असेल' म्हणत होती. आता ती गरमी हातांखाली वाढत गेली, इतकी की ताईने बोटं झटकून मागे घेतली आणि तोंडाने फुंकर घातली. बोटांची टोकं खरंच लाल झाली होती.

"ताप होता रे तुला," ती मोठ्याने म्हणाली. "तापात चढलास तू माळ्यावर."

शिट्टी वाजली नाही, कॉलरही सळसळली नाही. कुणीतरी उत्तर मिळेपर्यंत बसून राहावं, तशी ती शांतता बसून राहिली.

ताईने फडताळ उघडलं, रिळं खाली पाडत डबी काढली आणि झाकण फिरवलं. चोवीस दिवस, ना हवा ना पाणी. सुकून टरफल झालं असेल, असं तिला वाटलं होतं. आत गोचीड होती तशी टम्म होती. उजेड पडताच तिने पुढचे पाय वर केले आणि हवेत हळूहळू हलवले, कुणाला तरी शोधावं तसे.

ताई डबी घेऊन बाबांपुढे जाऊन बसली. त्यांच्या पायांशी, जमिनीवर. लहानपणी पाटी फुटली की बसायची तशी.

"बाबा, मी खोटं बोलले."

तिने सगळं सांगितलं. कानामागचं, नर्सचं, डबीचं. मग सोमवारचं. बाबा ऐकत होते आणि मधे एकदाच बोलले, "कुठली गेली? थोरली की धाकटी?" जणू दोन्ही लेकींना त्यांनी खरोखरच थोरली-धाकटी केलं होतं. मग त्यांनी हात पुढे केला.

"बघू."

डबी त्यांच्या तळहातावर लहान दिसत होती. त्यांनी ती खिडकीकडे धरली, डोळ्यांजवळ नेली.

"हे त्याचं आहे? आतलं?"

"हो."

"सगळं?"

"थोडं घोडीचं असेल. पण बहुतेक त्याचंच."

बाबांनी बोट आत घातलं. ताई 'अहो' म्हणून ओरडली, पण त्यांनी नुसता त्या राखाडी पोटाला हलका स्पर्श केला, झोपलेल्या लेकराच्या गालाला करावा तसा. मग मूठ मिटली. डबी मुठीत गेली.

"नाही द्यायची," ते म्हणाले.

"बाबा..."

"एकदा दिलं ना? विचारलं तेव्हा दिलं. मी सही केली. आता हेही मागतायत? सगळं तेच नेणार?" त्यांनी मूठ छातीशी धरली. "आणि हे नेऊन करणार काय? कागदावर लिहिणार, याने मारलं. माझ्या पोराने."

"त्याने नाही मारलं. त्याला ठाऊकही नव्हतं."

"मग कुणी मारलं?"

"मी," ताई म्हणाली. "बोटांना कळलं होतं, बाबा. तोंडाने बोलले नाही. एकदा नाही, दोनदा. आज दुपारी तिसऱ्यांदा. आता चौथ्यांदा मला नका लावू गप्प बसायला."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्यावर एक बाई पिशव्या सावरत चालली होती. तिच्यामागे एक माणूस, त्याच्यामागे आणखी एक. बाबा प्रत्येकाला अगदी वळणापर्यंत नजरेने पोहोचवत होते.

"यांच्यातलं कुणीही असेल ते," ते म्हणाले. "जे आहे अजून."

"हो."

मूठ उघडायला त्यांना वेळ लागला. म्हाताऱ्या बोटांनी झाकण बसवायचं आणि ते आट्यावर चढायचं नाही. तिने मदतीला हात केला, तो त्यांनी बाजूला सारला. तिसऱ्या खेपेस झाकण बसलं. त्यांनी ते घट्ट केलं, मग जरासं सैल केलं.

"श्वास घेऊ दे," ते म्हणाले. "जिवंत पोचली पाहिजे."

ताई नंबर फिरवतच बसमध्ये चढली. फॉर्मवाली बाई इस्पितळाच्या दारात उभी होती. तिने एक शब्दही विचारला नाही. दुपारी नाही का म्हणालात, असंही नाही. तिच्यासोबत एक तरुण डॉक्टर होता. त्याने झाकण उघडून आत बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा! जिवंत आहे? मस्त!"

ताईच्या मनात आलं, याच्या कानाखाली द्यावी. बाईने त्याच्या कोपराला हात लावला तसा तो भानावर आला. "माफ करा," तो म्हणाला. "खरंच माफ करा. हिची तपासणी उद्यापर्यंत होईल, पण आम्ही थांबणार नाही. गोचिडीच्या तापावरचं औषध आत्ताच सुरू करायला सांगतो. साध्या गोळ्या असतात हो त्या. कपाटात पडून असतात. फक्त कुणाला सुचायला हवं होतं."

"तपासणीत तिचं काय करता?"

डॉक्टरने बाईकडे बघितलं.

"ठेचावी लागते," तो म्हणाला.

ताईने मान हलवली. तो डबी घेऊन आत गेला. दार मिटताना त्याच्या हातात पितळ एकदा चमकलं. ती बाकावर बसली आणि बाई तिच्या शेजारी. ताईने विचारलं, "आधी सांगितलं असतं, दुपारी नव्हे, तेव्हाच, त्या खोलीत, तर तुम्ही किडन्या घेतल्या असत्या?"

"कदाचित घेतल्या असत्या आणि गोळ्या दिल्या असत्या. कदाचित घेतल्या नसत्या." बाई ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होती. "मी त्या कागदावर घोडा विचारला, ताई. घोड्याच्या अंगावरचं विचारलं नाही. मलाही ते झोपू देत नाही."

मग दिवस गेले. एक, दोन, तीन, चार. घरात काही वाजत नव्हतं. सहा वाजता ताईची बोटं सुईवरच राहायची. तिला वाटायचं, चला, सुटलो. आणि त्याच क्षणी त्या पावलांसाठी जीव तुटायचा. तो गेला होता. या खेपेला तिनेच, हाताने, पोहोचवला होता. बाबा जेवत नव्हते. काकूंनी विचारलं, "लेकी काय म्हणतायत?" तर बाबांनी तोंड फिरवलं आणि काकू गोंधळून घरी गेल्या.

पाचव्या दिवशी सकाळी फोन आला.

"ताप उतरला," फॉर्मवाली बाई म्हणाली. "काल रात्रीपासून नाही. आज पेज मागितली म्हणे. डॉक्टर म्हणतात, धोका टळला. मला एवढंच सांगायची परवानगी मिळाली आहे, तीसुद्धा भांडून."

बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते. ताईने मान हलवली, हो, हो, आणि ते पुन्हा खाली बसले, पोतं ठेवल्यासारखे.

"विचार," ते म्हणाले. "डावी की उजवी?"

ताईने विचारलं.

"ते मला सांगता येत नाही, ताई."

"आणि जे गेलं, त्यांच्याकडे कोण कोण आहे?"

"तेही नाही."

"बरं," ताई म्हणाली. "त्यांना कळलं का? कशामुळे ते?"

"डॉक्टरांनी सांगितलं. कुणाकडून ते नाही सांगितलं. घरचे रागावले नाहीत. नाव मात्र विचारत होते. तुमच्या भावाचं. मी दिलं नाही."

फोन ठेवला. चांगली बातमी आली की माणसाने काहीतरी करायचं असतं, पण काय करावं ते सुचेना. ताईने चहा टाकला. दोन कप ओतले. बाबांनी कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. ते दाराकडे बघत होते.

"कोण आहे?" ते म्हणाले.

"कुठे?"

"दारात. आत्ता आलं ना कुणी?"

ताईने मान वळवली. दार उघडं होतं. उंबऱ्याबाहेर सकाळचं ऊन पडलं होतं आणि तिथे कुणी नव्हतं. तरी तिच्या पाठीवरून काटा सरकला, कारण तिनेही ऐकलं होतं. ही चाल शिट्टीची नव्हती. शिट्टी टाच आपटत यायचा. हे पाऊल जड होतं, दमलेलं, आजाराने खंगलेल्या माणसासारखं टेकत टेकत येणारं. घर ठाऊक नसलेल्या माणसासारखं दारातच घुटमळणारं. सोमवारी गेलेलं ते माणूस, बाई की बुवा तेही कळत नव्हतं. आत यावं की नाही, आपण इथे कुणाचे लागतो, हे त्यालाच समजत नसावं.

ताईचे हात कपाभोवती घट्ट झाले. दार लावावं असं तिच्या मनात आलं. ती उठलीही.

"लावू नकोस," बाबा म्हणाले. त्यांनी आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि समोरच्या स्टुलावरची वर्तमानपत्रं उचलून मांडीवर घेतली. स्टूल रिकामं झालं. मग दाराकडे बघून, पाहुण्यांशी बोलायच्या आवाजात ते म्हणाले, "या. आपलंच आहे. बसा."

ताईने तिसरा कप काढला.